राज्यराजकारणावरील परंपरानिष्ठ भाष्य : राजाजी आणि चो रामस्वामी यांच्या लेखनाचा रूपविचार

१.

मराठीतील वैचारिक गद्याचा इतिहास बहुतांशी सुधारणेच्या बाजूने लिहिला गेला आहे. लोकहितवादी, फुले, आगरकर, वि. रा. शिंदे, आंबेडकर ही त्या इतिहासाची मुख्य धारा. तिला विरोध करणारे लेखन या इतिहासात येते ते प्राधान्याने पूर्वपक्ष म्हणून. त्याचे खंडन कसे झाले हे आपण सांगतो. ते लेखन स्वतः कसे घडले होते, त्याची वाक्ये कोणत्या विश्वासावर उभी होती आणि त्याला वाचक का मिळत राहिला, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे या बाबतीतले अपवाद, आणि त्यांचाही विचार आपण शैलीकार म्हणूनच अधिक केला आहे.

या उपेक्षेची खूण आपल्या परिभाषेतही दिसते. 'सनातनी', 'पुराणमतवादी', 'रूढिप्रिय', 'प्रतिगामी', 'स्थितिवादी', 'उजवा' या मराठीत उपलब्ध असलेल्या शब्दांपैकी एकही तटस्थ नाही. प्रत्येक शब्द ज्याला लावावा त्याच्यावर आरोप करूनच थांबतो. प्रस्तुत निबंधात 'परंपरानिष्ठ' हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द योजला आहे आणि त्याचा अर्थ पुढीलप्रमाणे मर्यादित केला आहे : आखीव योजनेपेक्षा वारशाने आलेल्या संस्थांवर अधिक भरवसा, पक्षाच्या कार्यक्रमापेक्षा व्यक्तीच्या शीलाला अधिक महत्त्व, आणि एकवटलेल्या सत्तेविषयी सततचा संशय. एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना हीच तीन सूत्रे वेगळ्या भूमीवर मांडली होती. भारतीय भाषांत मात्र या सूत्रांना बर्ककडून आलेला आधार दुय्यम आहे. मुख्य आधार आहे तो राजधर्माच्या कल्पनेचा, म्हणजे पर्यायाने महाभारत-रामायणाचा.

असे भाष्य राष्ट्रीय पातळीवर सिद्धांताच्या भाषेत वावरू शकते. राज्याच्या आणि गावाच्या राजकारणात ते उतरते तेव्हा त्याची खरी परीक्षा होते, कारण तेथे माणसे ओळखीची असतात, जात उघड असते आणि निवडणुकीचा निकाल दाराशी येऊन पोहोचतो. या परीक्षेसाठी तमिळनाडूचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. १९६७ नंतरची अनेक दशके त्या राज्याची सत्ता द्रविड चळवळीतून निघालेल्या पक्षांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही, आणि परंपरानिष्ठ म्हणता येईल असा पक्ष तेथे स्वबळावर कधी सत्तेच्या जवळही आला नाही. तरीही चक्रवर्ती राजगोपालाचारी अर्थात राजाजी (१८७८–१९७२) आणि चो रामस्वामी (१९३४–२०१६) या दोन लेखकांचे भाष्य सहा दशके वाचले गेले. जे भाष्य निवडणूक जिंकू शकत नाही ते नेमके काय करते, हा या निबंधाचा प्रश्न आहे. दोन्ही लेखकांच्या मजकुराचा येथे आशयानेच निर्देश केला आहे.

२.

राजाजींच्या राजकीय लेखनाचा आरंभबिंदू म्हणून त्यांच्या तुरुंगातील दैनंदिनीकडे पाहता येते. असहकारितेच्या काळात, १९२१–२२ मध्ये, ते वेल्लोरच्या तुरुंगात होते. स्वराज्य मिळताच निवडणुका, त्यांतील भ्रष्टाचार, श्रीमंतीची जुलूमशाही आणि कारभाराची अकार्यक्षमता यांमुळे सामान्य माणसाचे जिणे असह्य होईल, अशी नोंद त्यांनी तेथे केली. यावर त्यांना दिसलेला उपाय कोणत्याही राज्यघटनेतला नव्हता. सदाचरण शिकवणारे सार्वत्रिक शिक्षण आणि ईश्वराचे भय यांवर त्यांची भिस्त होती. ही नोंद करणारा माणूस प्रत्यक्ष कारभाराला अपरिचित नव्हता. १९१७ ते १९१९ या काळात ते सेलम नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्यामुळे निवडणुकीविषयीची त्यांची शंका ही ग्रंथातून आलेली नसून नळ, गटारे आणि कर यांच्या व्यवहारातून गेलेल्या माणसाची शंका आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

हीच शंका पुढे त्यांच्या स्तंभलेखनाचा स्थायीभाव झाली. १९५६ मध्ये खासा सुब्बा राव यांनी मद्रासहून 'स्वराज्य' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले आणि राजाजी त्यात 'प्रिय वाचक' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली नियमित लिहू लागले. तमिळमध्ये त्यांचे लेखन मुख्यतः 'कल्की' साप्ताहिकातून येत होते. भाषेची ही विभागणी अर्थपूर्ण आहे. इंग्रजीतून ते दिल्लीशी आणि देशभरच्या शिक्षितांशी बोलत. तमिळमध्ये ते कथा सांगत. त्यांचे रामायण, 'चक्रवर्ती तिरुमगन', 'कल्की'तूनच क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९५८ मध्ये त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला.

या दोन लेखनप्रकारांत वरवर पाहता संबंध नाही. पण रूपाच्या दृष्टीने ते एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. दोन्हींत वाक्य आखूड असते. दोन्हींत विशेषणे मोजकी असतात. घटना सांगून झाली की निवेदक क्षणभर थांबतो, एक नैतिक टिपणी करतो आणि पुढे जातो. रामायणात ही टिपणी कैकेयीच्या हट्टावर असते, स्तंभात ती एखाद्या खात्याच्या फर्मानावर असते. वाचकाला दोन्ही ठिकाणी एकच भूमिका दिलेली असते, ती म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याचे ऐकणाऱ्या, पण स्वतःची बुद्धी शाबूत असलेल्या श्रोत्याची. 'परमिट-लायसन्स राज' हा त्यांनी रूढ केलेला शब्दप्रयोग याच घडणीतून आला आहे. नियोजनाच्या अर्थशास्त्राविरुद्ध त्यांनी सिद्धांत मांडला नाही. एक नाव दिले. त्या नावातील 'राज' या एका शब्दाने इंग्रज गेले तरी मालकी कायम आहे, हे वाचकाच्या मनात आपोआप उमटले.

निवडणुकांसंबंधीचा त्यांचा एक प्रसिद्ध युक्तिवादही असाच आहे. सरकार सगळ्या उद्योगांचे राष्ट्रीयीकरण करायला निघाले आहे, पण निवडणूक हा एकच उद्योग त्याने खाजगी भांडवलाकडे ठेवला आहे. वास्तविक राष्ट्रीयीकरण करायचे तर प्रथम निवडणुकीचे करावे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतंत्र पक्षाचा संस्थापक, म्हणजे खाजगी उद्योगाचा कैवारी, येथे राष्ट्रीयीकरणाची मागणी करतो आहे. विरोधकाचाच शब्द घेऊन त्याची दिशा उलटवण्याची ही रीत मराठी वाचकाला निबंधमालेच्या परिचयामुळे नवी नाही. फरक असा, की चिपळूणकरांची व्याजोक्ती दीर्घ, पल्लेदार वाक्यांतून प्रतिपक्षाला जेरीस आणते, तर राजाजींची व्याजोक्ती एका वाक्यात काम उरकून मोकळी होते.

या लेखनाची नैतिक प्रतिष्ठा लेखकाच्या शीलावर उभी असल्यामुळे लेखकाचे आचरण हाही संहितेचाच भाग होतो. येथे पहिली अडचण उभी राहते. १९५२ च्या निवडणुकीत मद्रास विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ जागा मिळाल्या. बहुमत नसलेल्या या पक्षाचे नेतृत्व करण्यासाठी राजाजींना पाचारण करण्यात आले, आणि ते कोणत्याही मतदारसंघातून निवडून न येता राज्यपालांनी विधान परिषदेवर केलेल्या नियुक्तीच्या मार्गाने मुख्यमंत्री झाले. शीलवान माणूस सत्तेवर यावा, मग मार्ग कोणता का असेना, ही या घटनेमागची धारणा त्यांच्या लेखनाशी सुसंगत आहे. लोकशाहीशी ती सुसंगत आहे काय, हा वेगळा प्रश्न.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. १९५३ मध्ये त्यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरच्या व्यवसायाचे शिक्षण घ्यावे, अशी ती योजना. राजाजींच्या दृष्टीने ती अपुऱ्या साधनांत अधिक मुलांना शिकवण्याची आणि श्रमाला प्रतिष्ठा देण्याची युक्ती होती. विरोधकांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळानुसार शिक्षण, असे नाव दिले. हेही एक नावच होते, आणि ते 'परमिट-लायसन्स राज'इतकेच अचूक बसले. न्हाव्याच्या मुलाला घरी वस्तरा आणि पुरोहिताच्या मुलाला घरी पोथी, हा अर्थ सांगण्यासाठी त्या नावाला आणखी एका शब्दाचीही गरज नव्हती. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना मागे पडली. नामकरणाची कला ज्याची, तोच नामकरणाने पराभूत झाला, असे या प्रसंगाचे वाङ्मयीन तात्पर्य काढता येईल. त्याहून महत्त्वाचे तात्पर्य असे, की ज्या 'घरा'ला राजाजी संस्कारांचे आगर मानत होते ते घर जातीच्या उतरंडीत कोठे उभे आहे, हा प्रश्न त्यांच्या गद्याच्या चौकटीत मावत नव्हता.

१९६७ मध्ये त्यांनी याच द्रविड मुन्नेत्र कळघमशी युती केली आणि काँग्रेसची मद्रासमधील सत्ता संपवण्यास हातभार लावला. कामराज स्वतः विरुदुनगरमधून एका तरुण उमेदवाराकडून पराभूत झाले. स्वतंत्र पक्षाला त्या वर्षी लोकसभेत ४४ जागा मिळाल्या, तो त्याचा कळस. १९७१ मध्ये तो ८ जागांवर आला. त्याच वर्षी करुणानिधींच्या सरकारने दारूबंदी उठवली. जी दारूबंदी राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून सुरू केली होती, ती त्यांच्याच एके काळच्या मित्रपक्षाने मोडली. एकवटलेली सत्ता फोडण्यासाठी वैचारिक प्रतिस्पर्ध्याला बळ द्यायचे आणि नंतर त्याच्या सत्तेचे परिणाम पाहत राहायचे, हा या भाष्यपरंपरेचा पुन्हा पुन्हा दिसणारा आकृतिबंध आहे.

३.

राजाजींच्या निवेदकाचे वडीलधारेपण चो रामस्वामी यांनी टाकून दिले. वकिलीचे शिक्षण घेतलेला, रंगभूमीवर आणि चित्रपटांत विनोदी भूमिका करणारा हा लेखक राजकारणाकडे वळला तो विदूषकाच्या वेषात. संस्कृत नाटकातील विदूषक ब्राह्मण असतो, राजाच्या जवळ असतो आणि म्हणूनच राजाला बोलू शकतो. चोंनी ही जागा ओळखली होती, असे त्यांच्या एकूण कारकिर्दीवरून वाटते.

१९६८ मधील त्यांचे 'मुहम्मद बिन तुघलक' हे नाटक या दृष्टीने मध्यवर्ती आहे. उत्खननात सहाशे वर्षांपूर्वीचा सुलतान तुघलक आणि प्रवासी इब्न बतूता जिवंत सापडतात, तुघलक निवडणूक लढवतो आणि पंतप्रधान होतो. फारसी ही राष्ट्रभाषा ठरते, लाच कायदेशीर होते, पक्षांतर करून आलेल्या सर्वांना उपपंतप्रधानपद मिळते. शेवटी कळते, की हे दोघे तोतये आहेत. लोकांचे डोळे उघडावेत म्हणून एका ध्येयवादी वृद्धाच्या शिष्यांनी रचलेले ते नाटक आहे. पण तोपर्यंत तुघलक झालेल्या शिष्याला सत्तेची चटक लागलेली असते. सत्य सांगू पाहणाऱ्या मित्रावर तो जमावाला सोडतो, आणि जमाव त्याचेच ऐकतो.

त्याआधी चार वर्षे, १९६४ मध्ये, गिरीश कर्नाड यांचे कन्नड 'तुघलक' आले होते. विजय तेंडुलकरांच्या अनुवादामुळे ते मराठी रंगभूमीचेही झाले; आणि दिल्लीहून दौलताबादेस राजधानी नेण्याची कथा तर महाराष्ट्राच्या भूमीतच संपते. दोन्ही नाटकांचा नायक एकच, दोन्हींचा काळ एकच, पण दुःख वेगळे. कर्नाडांचा तुघलक स्वप्नाळू आहे. त्याची शोकांतिका कल्पनेच्या आणि वास्तवाच्या अंतरातून जन्मते. चोंच्या नाटकात स्वप्नाला जागाच नाही. तेथे राजा मूर्ख असल्याने लोकांचे काही बिघडत नाही. लोकांना तो आवडतो. कर्नाड सत्ताधाऱ्याची चिकित्सा करतात, चो मतदाराची करतात. लोकशाहीत राजाला हसणे सोपे असते, कारण राजाला हसणाऱ्याच्या बाजूने प्रेक्षागृह असते. प्रेक्षागृहालाच हसण्याचा विषय करणे हे चोंच्या नाटकाचे धाडस, आणि तिरस्काराकडे झुकण्याचा धोकाही त्यातच आहे.

या नाटकाचेच नाव घेऊन १९७० च्या जानेवारीत 'तुघलक' नियतकालिक सुरू झाले. त्यातील प्रश्नोत्तरांचे सदर हा चोंच्या भाष्याचा खरा गाभा होय. प्रश्नोत्तर हा रूपबंध भारतीय परंपरेत जुना आहे. उपनिषदांत शिष्य विचारतो, पुराणांत श्रोता विचारतो, यक्षप्रश्नात परीक्षक विचारतो. या सर्व ठिकाणी उत्तर देणारा ज्ञानी असतो. चोंच्या सदरात हा संबंध तिरका होतो. वाचक गंभीरपणे विचारतो, संपादक थट्टेने उत्तर देतो, आणि त्या थट्टेतून खरे उत्तर वाचकाने स्वतः काढायचे असते. भाष्यकार उपदेशाच्या आसनावरून खाली उतरतो. पण त्याच वेळी हसणाऱ्यांचे एक मंडळही तयार होते, ज्यांना 'आपण फसलेलो नाही' असे समाधान मिळते. या नियतकालिकाचा जानेवारीत, पोंगलच्या सुमारास भरणारा वाचक-मेळावा हा याच मंडळाचा दृश्य आविष्कार होता. छापील सदराचे सभेत रूपांतर होणे ही आधुनिक भारतीय नियतकालिकांच्या इतिहासातील दखलपात्र घटना आहे.

या मंडळाची शक्ती आणि मर्यादा एकाच प्रसंगात दिसतात. १९७१ च्या जानेवारीत सेलम येथे द्रविडर कळघमची अंधश्रद्धानिर्मूलन परिषद झाली. तेथील मिरवणुकीत देवतांचा अवमान झाल्याचे वृत्त 'तुघलक'ने छापले आणि राज्य सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. जप्तीने नियतकालिकाची ख्याती वाढली. मात्र त्यानंतर झालेल्या विधानसभा निवडणुकीत द्रमुकने २३४ पैकी १८४ जागा जिंकल्या. ज्या प्रकरणाने वाचक जिंकला त्याने मतदार हलला नाही. उलट दिशेने पाहिले तर, २०२० च्या जानेवारीत 'तुघलक'च्या सुवर्णमहोत्सवी समारंभात अभिनेते रजनीकांत यांनी त्याच परिषदेचा उल्लेख करताच पुन्हा वादळ उठले. पन्नास वर्षांनंतरही स्मृती तितकीच धारदार होती. या भाष्याचे कार्यक्षेत्र मतपेटीपेक्षा स्मृतीत अधिक आहे, असे म्हणण्यास येथे आधार सापडतो.

१९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा 'तुघलक'ने आपले मुखपृष्ठ काळे छापले. शब्द काढून घेतल्यावर उरलेला रंग हाच मजकूर झाला. सेन्सॉरखाली व्याजोक्तीला कसे बळ येते हे मराठीने शि. म. परांजपे यांच्या 'काळ'मध्ये, १८९८ पासून १९०८ च्या राजद्रोहाच्या शिक्षेपर्यंत, अनुभवले होते. परांजपे यांची बाजू क्रांतिप्रवण, चोंची परंपरानिष्ठ. पण दडपणाखाली दोघांच्याही गद्याने तिरकी चाल स्वीकारली. व्याजोक्ती ही विचारसरणीची मालमत्ता नसून परिस्थितीची निर्मिती असते, हे तौलनिक अभ्यासकाने यावरून ध्यानात घ्यावे.

१९९६ मध्ये राजाजींचा आकृतिबंध पुन्हा उमटला. जयललिता यांच्या पहिल्या राजवटीतील भ्रष्टाचाराविरुद्ध चोंनी द्रमुक आणि तमिळ मानिल काँग्रेस यांना एकत्र आणण्यास साहाय्य केले. अण्णा द्रमुकला त्या विधानसभेत अवघ्या ४ जागा मिळाल्या आणि स्वतः जयललिता पराभूत झाल्या. सव्वीस वर्षे द्रमुकची थट्टा करणारा लेखक द्रमुकच्या विजयाचा एक शिल्पकार ठरला. पुढील काळात तो पुन्हा जयललितांच्या निकट गेला. ही विसंगती म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण 'एकवटलेल्या सत्तेविषयी संशय' हे सूत्र प्रामाणिकपणे पाळले तर भाष्यकाराला कोणत्याच पक्षात कायमचे घर उरत नाही.

४.

मराठीत या जोडीला समांतर काय आहे? सामाजिक पार्श्वभूमी पुष्कळशी सारखी आहे. पुण्याच्या आणि मद्रासच्या ब्राह्मण बुद्धिजीवी वर्गाने विसाव्या शतकात ब्राह्मणेतर चळवळीमुळे राजकीय अग्रस्थान गमावले. १९६० नंतरच्या महाराष्ट्रात बहुजन नेतृत्वाची काँग्रेस, जिल्हा परिषदा आणि सहकारी साखर कारखाने यांतून नवी सत्तारचना उभी राहिली. तरीही राजाजी आणि चो यांना एकत्र जोडणारा धागा, म्हणजे सांस्कृतिक परंपरानिष्ठा आणि शासनाच्या आर्थिक सत्तेचा विरोध यांचा एकाच गद्यात झालेला संगम, मराठीत प्रकर्षाने आढळत नाही.

मराठीत हे दोन प्रवाह वेगळे वाहिले. परंपरेचा अभिमान बाळगणारे लेखन इतिहास आणि राष्ट्र या विषयांकडे वळले. राज्याच्या रोजच्या कारभारात त्याने तितके मन घातले नाही. शासनाच्या आर्थिक सत्तेचा विरोध मात्र शरद जोशी यांच्या लेखनात आणि भाषणांत दिसतो. १९९४ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या पक्षाला 'स्वतंत्र भारत पक्ष' हे नाव दिले. राजाजींशी असलेले नाते त्या नावातच आहे. जोशींचे गद्य मात्र राजाजींपेक्षा पूर्णपणे निराळे आहे. ते महाकाव्याच्या दाखल्यावर न चालता कांद्याच्या आणि कापसाच्या उत्पादनखर्चावर चालते. त्यांचा 'इंडिया'विरुद्धचा 'भारत' हा परंपरेचा भारत नसून भाव नाकारलेल्या शेतमालाचा भारत आहे. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर स्थानिक संस्थांत संपूर्ण महिलांची पॅनेल उभी करण्याचा त्यांच्या संघटनेचा प्रयत्न त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या आधीचा आहे. पुढे २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध एकट्यानेच मत देणारेही तेच. या दोन घटनांत आरक्षणाच्या राज्यप्रणीत पद्धतीविषयीचा संशय आणि स्त्रियांच्या सत्तासहभागाचा आग्रह एकत्र नांदतात. त्यामुळे त्यांना 'परंपरानिष्ठ' म्हणणे चूक ठरेल. राजाजींच्या वारशाचा अर्धा भाग त्यांनी घेतला आणि उरलेला अर्धा नाकारला, असे म्हणणे अधिक योग्य.

आणि निवडणुकीविषयीचा अविश्वास? तो मराठीत बहुधा ललित वाङ्मयात गेला. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या ग्रामीण विनोदी कथा, वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य यांत सत्ता, पुढारी आणि त्यांच्या भोवतालचे लोक यांची थट्टा आहे. पण ही थट्टा निवाडा करीत नाही. कथेतला बेरकी माणूस लेखकाला आवडतो. चोंच्या हसण्यात जो न्यायाधीश लपलेला आहे तो येथे नाही. राजकीय भाष्यात न मावलेला संशय कथेत आल्यावर सहानुभूतीने सैल झाला, हा मराठीचा लाभ मानावा की तोटा, यावर मतभेद होऊ शकतात. कथेला तो लाभ झाला, भाष्याला तोटा झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

५.

आता मूल्यमापनाकडे वळता येईल. या भाष्यपरंपरेने काही गोष्टी इतरांच्या आधी पाहिल्या, हे मान्य केले पाहिजे. निवडणुकीतील पैसा ही त्यांपैकी पहिली. २०१६ मध्ये अरवकुरिची आणि तंजावर या विधानसभा मतदारसंघांतील मतदान पैशांच्या वाटपामुळे रद्द करावे लागले, २०१७ मध्ये चेन्नईतील राधाकृष्णन नगरची पोटनिवडणूक त्याच कारणाने थांबवली गेली, आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या एका मतदारसंघाची निवडणूक मोठ्या प्रमाणावर रोकड सापडल्यानंतर रद्द झाली. तो मतदारसंघ वेल्लोरचा होता. सत्त्याण्णव वर्षांपूर्वी त्याच गावच्या तुरुंगात राजाजींनी श्रीमंतीच्या जुलूमशाहीची नोंद केली होती.

परंतु दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. १९९६ मध्ये नव्या पंचायत कायद्यानुसार तमिळनाडूत स्थानिक निवडणुका झाल्या. मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरीपट्टी, नाट्टारमंगलम् आणि विरुदुनगर जिल्ह्यातील कोट्टकच्चियेंदल या चार पंचायतींचे अध्यक्षपद दलितांसाठी राखीव होते. सवर्ण वर्चस्वाच्या विरोधामुळे तेथे दहा वर्षे, २००६ पर्यंत, निवडणूक नीट पार पडू शकली नाही. मेलवळवू येथे निवडून आलेल्या दलित पंचायत-अध्यक्षाची १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह हत्या झाली. या गावांत मतदाराला कोणी पैसे देऊन बिघडवले नव्हते. चित्रपटाच्या पडद्याने त्याला भुलवले नव्हते. मोफत वस्तूंचे आश्वासनही या प्रकरणाच्या मुळाशी नव्हते. लोकशाही अडवली होती ती वारशाने आलेल्या गावगाड्याने.

या भाष्याची रचना अशी आहे, की त्यात नागरिक मूलतः विवेकी असतो आणि पुढारी त्याला भ्रष्ट करतो; किंवा, चोंच्या निराशेच्या क्षणी, नागरिक मूलतः भोळा असतो आणि पुढारी त्याच्यावर स्वार होतो. दोन्ही आकृतींत अधःपात निवडणुकीनंतर सुरू होतो. निवडणुकीच्या आधीच अस्तित्वात असलेल्या अधःपतित व्यवस्थेसाठी या रचनेत क्रियापद नाही. शीलाचा निकष व्यक्तीला लावता येतो. शेजारच्या आळीतल्या माणसाला अर्जच भरू न देणाऱ्या संपूर्ण गावाला तो कसा लावायचा? १९५३ च्या शिक्षणयोजनेत राजाजींना जे दिसले नाही तेच येथेही अदृश्य राहते. द्रविड चळवळीच्या भाष्याची भाषा कितीही आक्रस्ताळी वाटली, तरी तिच्याजवळ या गोष्टीसाठी शब्द होता, आणि तो शब्द 'जात' हा होता. परंपरानिष्ठ भाष्याची सर्वांत मोठी उणीव त्याच्या मतांपेक्षा त्याच्या शब्दसंग्रहात आहे.

न्याय्य विवेचनासाठी याला एक पुरवणी जोडावी लागते. १९३८–३९ मध्ये अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करणारे आणि मंदिरप्रवेशास संरक्षण देणारे कायदे राजाजींच्याच मंत्रिमंडळाने केले. म्हणजे परंपरेत राहून परंपरा दुरुस्त करण्याची क्षमता या विचारात होती. ती कायद्यात उतरली. गद्यात मात्र ती पुरेशी उतरली नाही, कारण राजाजींच्या निवेदकाचा संभाव्य श्रोता नेहमी 'घरातला' होता, आणि चोंचा श्रोता सभागृहात आधीपासून बसलेला.

६.

निवडणूक न जिंकणारे भाष्य काय करते, या प्रश्नाचे उत्तर आता तीन अंगांनी देता येईल. ते नावे देते, आणि ती नावे पुढे विरोधकही वापरतात. 'परमिट-लायसन्स राज' हा शब्द १९९१ नंतर काँग्रेसच्या आर्थिक धोरणाच्या समर्थनार्थही वापरला गेला. ते वाचकांचे एक मंडळ घडवते, जे पक्षाहून दीर्घायुषी ठरते. स्वतंत्र पक्ष १९७४ मध्ये विसर्जित झाला, 'तुघलक' आपल्या संस्थापकाच्या मृत्यूनंतरही निघत राहिले. आणि ते महाकाव्याला चालू राजकारणाचा मापदंड म्हणून जिवंत ठेवते. राजाजींचे 'व्यासर् विरुंदु' आणि चोंचे 'महाभारतम् पेसुगिरदु' यांना त्यांच्या राजकीय लेखनापासून वेगळे करून वाचणे म्हणूनच अपुरे ठरते. दोन्हींत शांतिपर्वाची छाया आहे : युद्ध संपले आहे, विजय झाला आहे, आणि विजेत्याला राज्य कसे करावे हे ठाऊक नाही.

मराठी अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. आपल्याकडील सुधारणावादी आणि परंपरानिष्ठ दोन्ही भाष्यांना एकच वाङ्मयीन कसोटी लावून वाचावे : निवेदक कोणाशी बोलतो, कोणाला गृहीत धरतो, आणि त्याच्या वाक्यरचनेत कोणाला कर्तेपण मिळते? पाप्पापट्टीचा दलित मतदार राजाजींच्या गद्यात कर्मस्थानी तरी आला असता का, हा प्रश्न जितका कठोर आहे, तितकाच कठोर प्रश्न आपल्या आदरणीय सुधारकांच्या गद्यालाही विचारता येतो. तो विचारला गेला, तर परंपरानिष्ठ भाष्य पूर्वपक्षाच्या कोठडीतून बाहेर येईल आणि त्याच्या उणिवा त्याच्या गुणांसह तपासता येतील.